कॉर्डलेस माइक घेताय? आधी मेगाहर्ट्झचा आकडा बघा. जुन्नर-आंबेगावात तो जास्तच महत्त्वाचा

कॉर्डलेस माइक घेताना गावाकडं तीन गोष्टी बघितल्या जातात. किंमत किती, रेंज किती आणि आवाज कसा. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात चौथा आकडा छापलेला असतो आणि त्याच्यापुढं ‘मेगाहर्ट्झ’ लिहिलेलं असतं. तो सहसा कुणी वाचत नाही. पण आपला माइक कायद्यात बसतो की नाही, जत्रेच्या गर्दीत तो चालेल की खरखरेल, आणि खोडदच्या दुर्बिणीला त्याचा त्रास होईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच आकड्यात असतात.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माइकचं काम वर्षभर सुरू असतं. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात आणि तिथून जत्रांचा हंगाम सुरू होतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली. तेव्हापासून घाटात हातात माइक घेऊन बारी पुकारणारे निवेदक पुन्हा दिसू लागले. त्याशिवाय हरिनाम सप्ताह आहेत, लग्नं आहेत, गणेशोत्सव आहे, शिवनेरीवरची शिवजयंती आहे. पूर्वी मंडपवाल्याकडं वायरचे दोन-चार माइक असले की भागायचं. आता कीर्तनकार महाराजांना कॉलर माइक लागतो, निवेदकाला हातातला कॉर्डलेस लागतो आणि शाळेच्या स्नेहसंमेलनालासुद्धा चार माइकचा सेट मागवला जातो.

माइक म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच

वायरच्या माइकमधून आवाज वायरीने मिक्सरपर्यंत जातो. कॉर्डलेस माइक तोच आवाज रेडिओ लहरींवर चढवून हवेत सोडतो आणि मिक्सरजवळ ठेवलेला रिसीव्हर तो पकडतो. म्हणजे हातात धरलेला माइक हे खरं तर एक लहानसं प्रसारण केंद्र असतं. त्याची ताकद थोडी, साधारण १० ते ५० मिलिवॅट. पण काम तेच, जे आकाशवाणीचा मनोरा करतो.

लहरींचे पट्टे ठरलेले असतात. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतो. मोबाइलचे पट्टे ७००, ८००, ९००, १८०० अशा आकड्यांभोवती आहेत. वायफाय आणि ब्लूटूथ २४०० मेगाहर्ट्झवर, म्हणजेच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. शेताच्या बांधासारखीच ही वाटणी आहे. कुठला पट्टा कुणाचा, हे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा बघते. विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगण्यावर आपल्याकडं १९३३ च्या कायद्यापासून बंधन आहे, आणि नव्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही लहरींचं वाटप सरकारच्याच हातात ठेवलं आहे.

अॅनालॉग माइकचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकाच आकड्यावर दोन माइक बोलू लागले, तर रिसीव्हर दोन्ही आवाज मिसळून देत नाही. जो सिग्नल जोरात पोचेल, तोच तो उचलतो. त्यामुळं शेजारच्या मंडपातल्या निवेदकाचा माइक तुमच्या रिसीव्हरच्या जवळ आला, तर कीर्तनाच्या स्पीकरमधून लकी ड्रॉचा निकाल ऐकू येऊ शकतो. त्यात साउंडवाल्याची चूक नसते. दोन्ही सेट एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि कारखान्यातून एकच आकडा लावून आलेले असतात.

स्वस्त सेट कुठल्या पट्ट्यात असतात?

बाजारात आणि ऑनलाइन सगळ्यात जास्त खपणारे सेट ‘यूएचएफ’ म्हणून विकले जातात. त्यांच्या पडद्यावर ५१८, ६२०, ६४५, ६८० असे आकडे दिसतात. त्याहून स्वस्त, स्थिर आकड्याचे ‘व्हीएचएफ’ सेट साधारण १७० ते २७० मेगाहर्ट्झमध्ये असतात.

दुकानदार सांगतो, की हा टीव्हीचा पट्टा आहे, दूरदर्शनचे मनोरे आता बंद झाले, म्हणजे जागा मोकळीच आहे. यातलं निम्मंच खरं आहे. दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले आहेत हे बरोबर. पण जागा रिकामी झाली म्हणून ती गायरान होत नाही. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २०२२ च्या लिलावात काढला होता. तेव्हा कुणी घेतला नाही, पण विकायला ठेवलेला माल बेवारस नसतो. ७०० मेगाहर्ट्झ त्याच लिलावात रिलायन्स जिओने घेतला आणि आज त्यावर फाइव्ह-जी चालतं. जुना ७४० ते ७९० मेगाहर्ट्झचा माइक सेट कुणाकडं असेल आणि गावात टॉवर झाल्यापासून तो खरखर करत असेल, तर कारण बहुधा हेच.

अमेरिकेतही असंच झालं. तिथं ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला दिल्यावर जून २०१० पासून त्यावरचे कॉर्डलेस माइक बंद करायला लावले. मग ६०० चा पट्टाही मोबाइलला गेला आणि जुलै २०२० नंतर त्यातल्या मोबाइलला दिलेल्या भागावरचे माइकही बेकायदा ठरले. नाटक कंपन्यांना आणि चर्चना दहा वर्षांत दोनदा सेट बदलावे लागले. असे जुने सेट पुढं सेकंडहँड बाजारात फिरत राहतात. म्हणून परदेशातून आलेला किंवा ‘इम्पोर्टेड, एकदम स्वस्तात’ म्हणून मिळणारा सेट घेताना आकडा दोनदा बघावा. डब्यावर ‘एफसीसी’ लिहिलेलं असलं तर ती अमेरिकेची मान्यता आहे. युरोपची ‘सीई’ खूणही इथं उपयोगाची नाही.

भारतात विनापरवाना वापरायला सर्रास खुले असलेले जे पट्टे आहेत, त्यांत ४७० ते ७०० मेगाहर्ट्झ येत नाही. म्हणजे मंडपातले बहुतेक यूएचएफ सेट नियमाच्या काठावर नाहीत, काठाबाहेर आहेत. कागदोपत्री असं यंत्र जप्त होऊ शकतं. धाड पडेल म्हणून घाबरवण्यासाठी हे सांगितलेलं नाही. पण उद्या कुणी तक्रार केली, तर ‘दुकानात मिळालं म्हणून घेतलं’ हे उत्तर चालणार नाही. वॉकीटॉकीच्या बाबतीत हे दिसलंच आहे. परवान्याची माहिती न देता ते विकले जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

आणि मग खोडदची दुर्बीण

हे सगळं भारतात कुठंही लागू आहे. जुन्नर-आंबेगावात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते.

खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यातल्या १४ खोडदजवळ मध्यभागी आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सगळ्यात दूरच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए या केंद्राने ती उभारली. ही जागा निवडण्यामागं एक कारण असं, की इथं मोठ्या शहराचा रेडिओ गोंगाट नव्हता आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा होता.

या दुर्बिणीतून डोळ्यांनी काही बघत नाहीत. ती ऐकते. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती पकडते, आणि त्या साधारण १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ या चार पट्ट्यांत पकडते. आता माइकचे आकडे पुन्हा बघा. व्हीएचएफचा स्वस्त सेट पहिल्या दोन पट्ट्यांत पडतो. ६२०, ६४५, ६८० वाले यूएचएफ सेट बरोबर तिसऱ्या पट्ट्याच्या मध्यात पडतात.

हा निव्वळ योगायोग आहे, पण महागातला आहे. विश्वात सगळीकडं हायड्रोजन वायू आहे आणि तो १४२० मेगाहर्ट्झवर अगदी क्षीण लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळं फार दुरून आलेली लहर वाटेत ताणली जाते आणि तिचा आकडा खाली येतो. जानेवारी २०२३ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं, की जीएमआरटीने एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला, आणि तो निघाला तेव्हापासून जवळपास ८८० कोटी वर्षं उलटली होती. तो निघाला १४२० वर आणि खोडदला पोचला सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर. त्याआधी २०२० मध्ये एनसीआरएच्याच शास्त्रज्ञांनी ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून त्यांच्यातला हायड्रोजन मोजला होता. तेही काम याच तिसऱ्या पट्ट्यातलं. ‘नेचर’ या नियतकालिकाने ते छापलं.

तर ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेली लहर आणि लग्नातल्या सूत्रसंचालकाचा माइक, दोघं एकाच आकड्यावर.

कुणी म्हणेल, एवढ्याशा माइकने काय होणार? साधा हिशेब करून बघू. एक वॅटचा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक वस्तूंपैकी एक दिसेल. १० मिलिवॅटचा माइक मोबाइलपेक्षा शंभरपट कमजोर. पण चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि मंडप समजा १० किलोमीटरवर. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौपट कमी होतो. त्या नियमाने मधे डोंगर-झाडं काही नसतील, तर हा माइक चंद्रावरच्या मोबाइलच्या सुमारे दीड कोटी पट जोरात डिशपर्यंत पोचेल. डिशचं तोंड त्याच्याकडं नसतं, ते आकाशाकडं असतं, त्यामुळं बराच सिग्नल कापला जातो. डोंगरामागच्या गावातून तर फारच थोडा पोचतो. पण नारायणगाव खोडदपासून हवाई अंतराने १० किलोमीटरच्या आत आहे. मंचर पंधरा-सोळा किलोमीटरवर. शिवाय तीन दिशांना पसरलेल्या डिशपैकी एखादी गावाच्या आणखी जवळ असू शकते.

असा गोंगाट मिसळला, तर शास्त्रज्ञांना निरीक्षणाचा तेवढा भाग फेकून द्यावा लागतो. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या आणि मोबाइल टॉवर यांच्याशी त्यांची झटापट रोजचीच आहे. गोंगाट गाळण्याची यंत्रणाही त्यांनी बसवली आहे. पण गाळताना गव्हाबरोबर थोडे किडेही रगडले जावेत, तसं गोंगाटाबरोबर कामाचा डेटाही जातो.

दुर्बिणीबद्दल तालुक्यात सगळेच कौतुकाने बोलतात असं नाही. उद्योगांवर मर्यादा आल्या, पुणे-नाशिक रेल्वेचा इकडून जाणारा मार्ग याच कारणाने अडला, याचा राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. रेल्वेचा वाद मोठा आहे, तो इथं सुटणार नाही. माइकची गोष्ट मात्र वेगळी आहे. इथं कुणाला काही सोडावं लागत नाही. दुर्बिणीला न खुपणारा माइक आणि कायद्यात बसणारा माइक एकच निघतो, आणि तो दुकानात मिळतो.

मग घ्यायचा कुठला?

सरळ उत्तर, २.४ गिगाहर्ट्झचा डिजिटल सेट. हा पट्टा केंद्र सरकारने २००५ मध्ये कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा केला. जीएमआरटीच्या चारही पट्ट्यांच्या तो बराच वर आहे. डब्यावर २.४ गिगाहर्ट्झ किंवा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं. मोबाइलला लावायचे जे छोटे कॉलर माइक सध्या रील बनवणारे वापरतात, तेही बहुतेक याच पट्ट्यातले.

दुसरा मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. आधी तो ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. दुर्बिणीचा तिसरा पट्टा ८५० ला संपतो आणि चौथा १०५० ला सुरू होतो, म्हणजे हा बरोबर मधल्या फटीत बसतो. पण यातले माइक फार कमी मिळतात. इथं एक फसगत होऊ शकते. युरोपसाठी बनवलेले सेट ८६३ ते ८६५ चे असतात. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण आपला मोकळा पट्टा ८६५ ला सुरू होतो आणि त्यांचा तिथंच संपतो. ४३३ मेगाहर्ट्झही कुणी सुचवेल. तो बंद जागेतल्या छोट्या यंत्रांसाठी मोकळा आहे, जत्रेच्या मैदानासाठी नाही, आणि दुर्बिणीच्या दुसऱ्या पट्ट्यात पडतो. एफएम रेडिओवर आवाज ऐकवणारे शे-दोनशे रुपयांचे माइक तर घेऊच नयेत. एफएमवर परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही.

विकत घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे. हा नेमका किती मेगाहर्ट्झवर चालतो? आणि याचं डब्ल्यूपीसीचं ईटीए प्रमाणपत्र आहे का? ईटीए म्हणजे मोकळ्या पट्ट्यातलं यंत्र नियमात बसतं याची नोंद. दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून ती होते. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा क्रमांक असतो. दुकानदाराने पहिल्याच प्रश्नाला ‘यूएचएफ आहे साहेब, एक नंबर रेंज’ असं उत्तर दिलं, तर समजून जायचं.

जत्रेत २.४ चालेल का?

साउंडवाल्यांची तक्रार असते, की २.४ चा माइक गर्दीत तुटतो. तक्रारीत तथ्य आहे. मंडपात हजार माणसं असली की हजार मोबाइल असतात, त्यातल्या अनेकांचं ब्लूटूथ-वायफाय चालू असतं आणि तेही याच पट्ट्यात. शिवाय या लहरी माणसाच्या अंगातून नीट पार जात नाहीत, कारण शरीरात पाणी असतं आणि पाणी त्या शोषून घेतं.

पण बहुतेक वेळा गडबड रिसीव्हरच्या जागेत असते. मिक्सर मंडपाच्या मागं टेबलावर, रिसीव्हर त्याच्या खाली किंवा ट्रंकेच्या आड, आणि मधे पाच-सहाशे माणसं बसलेली. तसं न करता रिसीव्हर स्टेजच्या कडेला, स्टँडवर, डोक्याच्या वर ठेवायचा. तिथून मिक्सरपर्यंत वायर टाकायची. माइक आणि रिसीव्हर एकमेकांना ‘दिसले’ पाहिजेत, मधलं अंतर वीस-पंचवीस पावलांच्या आत ठेवलं तर उत्तम. लाइव्ह करणाऱ्या पोराचा हॉटस्पॉट रिसीव्हरच्या शेजारी नको. त्याच्या फोनमध्ये हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाकायची सोय असेल तर ती चालू करायला सांगायची. कॉलर माइकची डबी महाराजांच्या पाठीमागं न लावता रिसीव्हरच्या बाजूच्या कमरेला लावली, तरी बराच फरक पडतो. आणि सेल नवे. अर्ध्या उतरलेल्या सेलवर कुठलाच माइक नीट चालत नाही.

बैलगाड्याच्या घाटाचं थोडं वेगळं आहे. तिथं निवेदक कधी सुटीजवळ असतो, कधी निशाणाजवळ, आणि अंतर मोठं. त्या अंतरावर २.४ चा साधा सेट पुरणार नाही हे मान्यच करायला हवं. तिथं निवेदकाचा मचाण एका जागी ठरवून वायरचा माइक देणं हाच भरवशाचा मार्ग. दुसऱ्या टोकाला माहिती पोचवायची असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी परवान्यातून मोकळे आहेत. पण तो आकडा दुर्बिणीच्या दुसऱ्या पट्ट्यात येतो, त्यामुळं खोडदच्या आसपासच्या घाटांनी मोबाइलवरच भागवलेलं बरं.

मुळात प्रत्येक ठिकाणी कॉर्डलेस लागतोच असं नाही. हार्मोनियम, पखवाज, ढोलकी जागेवरून हलत नाहीत. टाळकऱ्यांसमोर स्टँडवरचा माइक चालतो. चांगली जाड वायर आणि नीट झाळलेली पिन असेल, तर वायरच्या माइकला ना सेल लागतात, ना परवाना, ना शेजारच्या मंडपाची भीती. एखाद्या सप्ताहात आठ माइक असतील तर खरा कॉर्डलेस फक्त कीर्तनकारांनाच लागतो.

घरात किंवा मंडळाकडं यूएचएफचा जुना सेट आधीच असेल, तर तो विकून दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यापेक्षा त्याचा माइकचा भाग बंद ठेवलेला बरा. नवा सेट एकदम घेणं परवडत नसेल, तर आधी एकच २.४ चा माइक घेऊन बाकी वायरवर चालवता येतं. एखादं यंत्र दुर्बिणीला त्रास देतं का अशी शंका असेल, तर खोडदच्या केंद्रात रेडिओ गोंगाट शोधण्याचंच काम करणारे अभियंते आहेत, त्यांना विचारता येतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथं प्रदर्शन भरतं आणि शाळकरी मुलांपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे जाऊन येतात. मंडळाच्या साउंडवाल्याने त्या दिवशी तिथं चक्कर टाकली, तर आपल्या सेटचा आकडा सांगून तो कुठल्या पट्ट्यात पडतो, हे त्याला तिथंच विचारता येईल.